फिल्टर अठ्ठावीसचा, पाइप बावीसचा!

रत्नागिरी-रायगडकडच्या अनेक कुटुंबांची माणसे ब्रिटनमध्ये घरे करून राहिली आहेत. तिकडे नोव्हेंबर लागला की घर गरम ठेवणे ही चैन राहत नाही, विशेषतः घरात वृद्ध माणसे असतील तर. एका ठिकाणी पाणी तापवायचे, ते पाइपांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत फिरवायचे आणि निवले की पुन्हा तापवायला परत आणायचे, अशी ही व्यवस्था असते.

आम्ही कापडाचे व्यापारी. नळकामाशी आमचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध कोटेशनचा आहे. लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या जुन्या कापड-गावात आमच्या बहिणीचे घर आहे. मेहुणे पंचाहत्तरीचे, त्यात दमा. भाच्याने जुना गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवायचे ठरविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडच्या सरकारने यासाठीचे अनुदान ७,५०० पौंड केले, तेव्हापासून त्याच्या मनात ते होतेच. "मामू, सही करण्याआधी तुम्ही एकदा नजर घाला," म्हणून त्याने कोटेशन आमच्याकडे पाठविले.

त्यात एक ओळ होती: चुंबकीय फिल्टर, २८ मि.मी. खाली दुसरी ओळ: जुने पाइप आहेत तसेच राहतील. जुने पाइप किती मापाचे, हे मात्र कोठेच लिहिलेले नव्हते. आम्ही भाच्याला मोजावयास सांगितले. मुख्य पाइप निघाला २२ चा.

फिल्टर हवाच, याबद्दल वाद नाही. रेडिएटर पोलादी पत्र्याचे असतात. पाण्यातील प्राणवायूने ते आतून गंजतात आणि काळा, पिठासारखा बारीक गाळ सुटतो. तो लोखंडाचाच असल्याने चुंबकाला चिकटतो. हा गाळ पंपात आणि यंत्राच्या बारीक वाटांत बसला तर मोठा खर्च उभा राहतो. म्हणून परतीच्या पाइपवर, पाणी यंत्रात शिरण्याच्या अगोदर, फिल्टर बसवितात. ब्रिटनच्या बी. एस. ७५९३ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीतही फिल्टर सांगितला आहे.

प्रश्न मापाचा. तिकडे तांब्याचे पाइप घरात मुख्यतः १५, २२ आणि २८ मि.मी. चे असतात आणि हे माप बाहेरून घेतलेले असते. आतली पोकळी २२ च्या पाइपची सुमारे २०, तर २८ ची सुमारे २६ मि.मी. फरक सहाचाच दिसतो, पण पाणी वाहते ते क्षेत्रफळातून, आणि ते जवळजवळ पावणेदोन पट होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे इंची पाइप मात्र आतल्या पोकळीवरून ओळखले जात. त्यामुळे जुन्या घरातला पाऊण इंची पाइप २२ च्या जोडात नीट बसत नाही, त्याला वेगळा जोड लागतो. आमच्या धंद्यात चव्वेचाळीस इंच पन्हा म्हटले की आम्ही आधी विचारतो, किनार धरून की सोडून? हे तसेच आहे.

आता हिशेब पाहा. घराला दहा किलोवॅट उष्णता लागते असे धरू. बॉयलरचे पाणी जाताना आणि येताना २० अंशांचा फरक पडत असेल, तर मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी फिरले की काम भागते. हीट पंप कोमट पाण्यावर चालतो, फरक ५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी मिनिटाला सुमारे २९ लिटर, चौपट पाणी! ते २२ च्या पाइपमधून ढकलले तर वेग सेकंदाला दीड मीटर होतो. घरात तो एक मीटरच्या आसपास राहिला तर बरे, नाही तर पाइप वाजतात आणि पंपाची वीज वाया जाते. २८ च्या पाइपमध्ये हाच वेग मीटरच्या आत येतो.

तेव्हा फिल्टर २८ चा आणि पुढे-मागे सगळा पाइप २२ चा, म्हणजे दरवाजा हत्तीचा आणि गल्ली भिवंडीची. त्या फिल्टरने नुकसान काही होत नाही, पण "मोठा फिल्टर टाकला आहे, पाणी चांगले फिरेल" हे जे भाच्याला तोंडी सांगण्यात आले, त्याला अर्थ नाही. याच्या उलट, २८ च्या पाइपवर रिड्यूसर लावून २२ चा फिल्टर बसविणारेही आहेत, कारण दुकानात तोच स्वस्त मिळतो. वीतभर अरुंद भागाने घर थंड पडत नाही हे खरे. पण पाणी चुंबकाजवळून धावत जाते, गाळ चिकटायला सवड मिळत नाही आणि पंपावर कायमचा बोजा येतो. तो प्रकार आम्हास अधिक वाईट वाटतो.

भाच्याने कंपनीला लेखी विचारले: कोणत्या खोलीला किती उष्णता, मिनिटाला किती लिटर, आणि ते कोणत्या पाइपमधून? आठ दिवसांनी नवे कोटेशन आले. मुख्य पाइप २८ चा, दोन खोल्यांतील रेडिएटर मोठे, आणि रक्कम चांगलीच वाढलेली. भाचा नाराज झाला. आमचे मत असे की ही रक्कम पहिल्या दिवशीही तेवढीच होती, फक्त कागदावर नव्हती.

फरशा उखडायच्या म्हणून काम उन्हाळ्यावर ढकलले. मेहुण्यांचा हिवाळा जुन्या बॉयलरवरच निघायचा होता, तेव्हा त्याच्या परतीच्या २२ च्या पाइपवर २२ चाच फिल्टर बसवून घेतला, दोन्ही बाजूंना कॉक, खाली भांडे काढण्यापुरती जागा आणि पाण्यात गंजरोधक औषध. महिन्याने कॉक बंद करून तो उघडला, तेव्हा चुंबकावर बोटभर काळा लेप होता.