पोलादनगरीच्या मुलांची वाट पुण्याकडे का?

सुपेल्यात जी. ई. रोडवर बाजाराची वर्दळ आहे. रेल्वेरुळांपलीकडे पोलाद कारखान्याची शिस्तबद्ध सेक्टरे. पलीकडचे गाव सरकारने वसविले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. ज्या मराठी कुटुंबांनी येथे संसार थाटला, त्यांची मुले आज पुणे-बंगळुरात संगणकापुढे बसलेली आहेत. असे का व्हावे, याचे उत्तर ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’च्या वाटचालीत काही अंशी सापडते.

या कंपनीचे संस्थापक आनंद देशपांडे हेही अशाच एका सरकारी वसाहतीतले. भिलाई नव्हे, भोपाळची ‘भेल’ टाउनशिप. खरगपूरची आयआयटी, इंडियाना विद्यापीठातील डॉक्टरेट, ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील नोकरी, आणि मे १९९० मध्ये कंपनी स्थापन झाली ती पुण्यात. आर्थिक उदारीकरणाला तेव्हा वर्षभराचा अवकाश होता. भोपाळला परतण्याऐवजी पुणेच का? केंद्राच्या पहिल्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांपैकी एक तेथे उभे राहत होते. सॉफ्टवेअर परदेशी पाठविण्यासाठी उपग्रहाचा दुवा त्या काळी सरकारच्याच हाती होता. १९८८ मध्ये स्थापन झालेले ‘सी-डॅक’ शेजारी होते, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर दाटीच. खासगी पराक्रमाची गोष्ट सांगताना ही सरकारी पायाभरणी वगळण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती बरी नव्हे.

पर्सिस्टंटने स्वस्त मनुष्यबळ पुरविण्याचा सोपा मार्ग धरला नाही. डेटाबेस हा संस्थापकांचा अभ्यासविषय. तेव्हा सॉफ्टवेअर विकणाऱ्या परदेशी कंपन्यांची उत्पादनेच त्यांच्या वतीने घडवून द्यायची, हे काम पत्करले. हा मार्ग सावकाशीचा होता. शेअर बाजारात उतरायला २०१० साल उजाडले. २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारीपद संदीप कालरा यांच्याकडे गेले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात महसुलाने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे पालुपद आता तरी आवरते घ्यावे.

मग भिलाईचे काय चुकले? सॉफ्टवेअर पार्कचे केंद्र येथेही निघाले. पण तोवर पुण्यात एका पिढीने कंपन्या उभारल्या होत्या, आणि नोकरी बदलायची तर गाव बदलावे लागत नव्हते. भिलाईत मात्र एकाच मालकाची सवय. कारखान्याने घर दिले, शाळा दिली, रुग्णालय दिले. जोखीम घेण्याचे कारण उरले नाही. हा कामगारांचा दोष नव्हे, त्या रचनेचा गुणच होता. रायपूरच्या राज्यकर्त्यांनी २००० नंतर नव्या राजधानीवर लक्ष केंद्रित केले, तेही समजण्यासारखे आहे.

२०१६ मध्ये आयआयटी भिलाई सुरू झाली. कुटेलाभाठ्याच्या कायमस्वरूपी संकुलाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. येथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी किती जण दुर्ग स्थानकावर पुण्याची गाडी पकडतात आणि किती जण सुपेल्यात एखादा गाळा भाड्याने घेऊन पाटी लावतात, याची नोंद राज्याच्या उद्योग खात्याने दरवर्षी ठेवावी. सेक्टरांतल्या सेवानिवृत्त आईवडिलांना तिचा अर्थ कोणत्याही धोरण-कागदापेक्षा लवकर कळेल.