सांगाडा पोलादाचा, शहाणपण कुडाचं

जव्हार-मोखाड्याकडचं कुडाचं घर नीट पाहावं. छपराचा भार पेलतात त्या लाकडी मेढी. मेढीच्या बेचक्यात आडवं लाकूड बसतं, त्यावर वासे, आणि वर कौलं किंवा पेंढा. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांबूच्या कामट्यांनी आवळून, शेणामातीने लिंपलेला कूड मात्र कसलंही ओझं उचलत नाही. ऊन-पाऊस अडवायचा आणि वारा खेळता ठेवायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळे कूड खराब झाला तर तेवढाच बदलतात, छपराला हात लावावा लागत नाही.

सांगाडा वेगळा आणि आच्छादन वेगळं, हेच तत्त्व पोलादी इमारतीचंही आहे. एखाद्या कंपनीचं पर्यावरणाला जपणारं मुख्यालय पोलादात उभारायचं म्हटलं, तर घोळ बहुतेक आच्छादनात होतो. चारी बाजूंनी काच लावायची, दिवसभर ऊन आत घ्यायचं आणि मग ती उष्णता बाहेर काढायला एसी लावायचा, हा आपल्या शहरांचा शिरस्ताच झाला आहे.

याला अमेरिकेत १९६४ सालीच एक उत्तम उत्तर मिळालं होतं. पुण्याजवळ सणसवाडीत ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीचं मुख्यालय इलिनॉय राज्यात मोलीन इथे आहे. एरो सारिनेन यांनी ते झाडीतल्या घळीत बसवलं आणि काचेच्या बाहेर पोलादी पट्ट्यांच्या झडपा लावल्या. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडतं. पोलादही असं निवडलं, की त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. रंग द्यायची गरज नाही.

आपल्याकडे हीच समज दिसते ती पुण्यात हडपसरला, सुझलॉनच्या ‘वन अर्थ’मध्ये. पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीसाठी ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेली ही वास्तू. उंच मनोरा न बांधता त्यांनी बुटक्या इमारती अंगणांभोवती आणि पाण्याभोवती पसरवल्या. दर्शनी भागावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झडपा ऊन अडवतात, उजेड मात्र आत येऊ देतात. आवारातच वारा आणि सूर्य यांपासून वीज निघते. लीड प्लॅटिनम आणि ‘गृह’चे पाच तारे, ही हरित इमारतींची दोन्ही मानांकनं तिला मिळाली. तिचा सांगाडा पोलादी नाही, तरी पोलादी सांगाड्याला कसं आच्छादन द्यावं हे शिकायला याहून जवळची शाळा नाही.

मग पोलादाचं काय? त्याचा खरा हिशेब भट्टीत लिहिला जातो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली: एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. १.६ टनांच्या खाली असेल तर पाच तारे. खनिजापासून कोळशाच्या भट्टीत केलेल्या पोलादाला हे गाठणं अवघड, भंगार वितळवून केलेल्याला बरंच सोपं. त्यातही भट्टीची वीज कुठून येते हे विचारायला हवं. असं मुख्यालय जव्हारकडेच बांधायचं झालं, तर शेजारच्या वाडा तालुक्यात पोलादाचे कारखाने आहेत; असा माल तिथून मागवता येतो का, हे आधी पाहावं.

दुसरा प्रश्न जोडणीचा. वेल्डिंगने डकवलेला गर्डर पुढे कापावाच लागतो. नटबोल्टने जोडलेला मात्र उतरवून दुसरीकडे उभा करता येतो. जुन्या घराचे मेढी-वासे नव्या घराला लावणाऱ्यांना हे कुणी शिकवायला नको.

मोलीनचा कित्ता मात्र जव्हारला जसाच्या तसा चालणार नाही. तो गंजाचा थर पक्का व्हायला पोलाद ओलं होऊन पुन्हा सुकावं लागतं. सह्याद्रीच्या कुशीत पावसाचे चार महिने ते सुकणार कधी? इथे जस्त चढवलेलं पोलाद हवं, पाणी साचणार नाही असे सांधे हवेत आणि छपराच्या पुढे आलेल्या खोल वळचणी हव्यात. नुसता पत्रा घातलात, तर एप्रिलच्या दुपारी खाली बसवत नाही. पत्र्याखाली हवेची पोकळी आणि उष्णतारोधक थर लागतोच.

सगळ्यात मोठी कसोटी पाण्याची. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा मुलखात ज्या कार्यालयाला वर्षभराचं पाणी आपल्या छपरावरच्या पावसातून साठवता येत नाही, त्याच्या दारावर कितीही तारे लावले तरी मी त्याला हरित म्हणणार नाही. इथे बांधायला येणाऱ्या वास्तुविशारदाने पहिली बैठक इथल्या सुतारांबरोबर आणि घरं लिंपणाऱ्या बायांबरोबर घ्यावी. वारा कुठून येतो, पाऊस कुठून झोडपतो आणि विहीर कधी आटते, हे त्यांना ठाऊक आहे. इमारतीचा आराखडा तिथूनच सुरू व्हायला हवा.