दोन रुपयांचे तिकीट, हजार वर्षांची रांग

कोलकात्यात रवींद्र सदन नावाचे मेट्रो स्टेशन आहे. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातली पहिली मेट्रो एस्प्लनेड ते भवानीपूर अशी ३.४ किलोमीटर धावली, तेव्हाच्या पाच स्टेशनांपैकी हे एक. स्टेशनातून वर या, काही पावले चाला, की समोर एसएसकेएम रुग्णालय. पाटीवर काहीही लिहिलेले असो, सगळे कोलकाता त्याला 'पीजी' म्हणते. मलेरियाचा माग काढणारे रोनाल्ड रॉस १८९८ मध्ये याच आवारातल्या प्रयोगशाळेत डासांमागे लागले होते. आज इथे पहाटेपासून माणसे येतात. नदिया, मुर्शिदाबाद, सुंदरबन, थेट उत्तर बंगाल, कुठून कुठून येतात! बाह्यरुग्ण विभागाला इथे 'आउटडोर' म्हणतात आणि आउटडोरचे तिकीट आहे फक्त दोन रुपये.

दोन रुपये! आपल्याकडे एवढ्यात कटिंगसुद्धा मिळत नाही. पण या तिकिटाची खरी किंमत किती, हे आज आपण दोघे मिळून मोजू. कागद-पेन्सिल घ्या. गणित चौथीचे आहे, उत्तर मात्र डोळे पांढरे करणारे आहे.

एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आउटडोरला दिवसाला १०,००० रुग्ण येतात असे धरू. कोलकात्यातल्या बड्या रुग्णालयांसाठी हा आकडा मुळीच फुगवलेला नाही. १०,००० माणसे म्हणजे किती? मुंबईच्या बारा डब्यांच्या, दाराला लोंबकळेपर्यंत भरलेल्या दोन लोकल एकदम रिकाम्या करा. एवढी!

आता या सगळ्यांना एकामागे एक उभे करू. माणशी अर्धा मीटर. रांग झाली ५ किलोमीटर. हावडा पूल ७०५ मीटर लांब आहे. म्हणजे या रांगेला हावडा पुलाचे सात वेढे बसतील. किंवा असे करा, रांगेचे तोंड पीजीच्या दारात ठेवा आणि ती सरळ उत्तरेला सोडा. अख्खे मैदान ओलांडून, एस्प्लनेड मागे टाकून तिचे शेपूट हावडा पुलापाशी पोचेल. हे एका दिवसाचे. उद्या सकाळी पुन्हा तेवढीच. परवा पुन्हा.

लांबी झाली. आता वेळ मोजू, कारण खरा चमत्कार तिथेच आहे.

तिकिटाची रांग, मग डॉक्टरांच्या खोलीबाहेरची रांग, मग तपासणीची, मग औषधाच्या खिडकीची. सगळे मिळून माणशी तीन तास धरू. १०,००० गुणिले ३ म्हणजे ३०,००० तास. भागा २४ ने. १,२५० दिवस! जवळजवळ साडेतीन वर्षे! एका रुग्णालयाच्या आवारात, एका दिवसात, माणसांच्या आयुष्याची साडेतीन वर्षे नुसती उभ्याने निघून जातात. सकाळी जन्मलेले मूल संध्याकाळी बालवाडीत जाण्याच्या वयाचे व्हावे, तसे.

वर्षात आउटडोरचे ३०० दिवस धरू. ९० लाख तास. वर्षांत मांडा. एक हजार सत्तावीस वर्षे!

पुन्हा वाचा. एका वर्षात, एका रुग्णालयात, १,०२७ वर्षांचे वाट पाहणे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिला सव्वासातशे वर्षे उलटून गेली. आपली रांग ज्ञानेश्वरीच्याही मागे जाते आणि आणखी तीनशे वर्षे मागे जाऊन थांबते. शिवराज्याभिषेक १६७४ चा, त्याला साडेतीनशे वर्षे झाली. असे जवळजवळ तीन काळ एकापुढे एक ठेवले, तर ही रांग भरते.

आणि आपण अजून नातेवाईक धरलेलेच नाहीत! आजारी माणूस एकटा येत नाही. म्हाताऱ्या आईबरोबर लेक असतो, गरोदर बाईबरोबर सासू असते. रुग्णामागे एक माणूस धरला तरी १,०२७ चे २,०५४ झाले. दोन हजार चोपन्न वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर सातवाहनांची सत्ता होती!

आता रुपये. ३०,००० तास म्हणजे आठ तासांची पाळी धरून ३,७५० दिवसांचे काम. रोजंदारी ३०० रुपये धरा. बुडालेली मजुरी झाली ११ लाख २५ हजार रुपये, तीही एका दिवसाची आणि सोबतच्या माणसाला न मोजता. आणि दोन रुपयांप्रमाणे त्या दिवशीच्या तिकिटांचे किती जमले? २० हजार. म्हणजे खिडकीवर जेवढे पैसे पडतात, त्याच्या छप्पन्न पट पैसे रांगेत जिरतात. वर्षाचे होतात पावणेचौतीस कोटी. यातला एकही रुपया कोणाच्या गल्ल्यात जात नाही. तो फक्त नाहीसा होतो. मुर्शिदाबादच्या शेतमजुराच्या, सोनागाछीपासून टॉलीगंजपर्यंत धुणीभांडी करणाऱ्या मावशीच्या, रिक्षावाल्याच्या घरातून.

पाण्याचाही हिशेब करू. कोलकात्याच्या दमट उकाड्यात उभा राहिलेला माणूस लिटरभर पाणी पितोच. १०,००० लिटर म्हणजे रोजचा एक मोठा टँकर. वर्षाला ३० लाख लिटर. सहा मीटर व्यासाची, दहा मीटर पाणी असलेली आपल्या शिवारातली विहीर डोळ्यासमोर आणा. अशा साडेदहा विहिरी नुसत्या उभ्या माणसांनी कोरड्या केल्या!

इथपर्यंत छाती दडपली असेल. पण आता तेच गणित उलटे फिरवू, आणि खरा आनंद इथे आहे. ज्या गुणाकाराने रांग हजार वर्षांची केली, तोच गुणाकार आपल्या बाजूनेही उभा राहतो.

रांगेतून माणशी फक्त एक मिनिट काढा. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या शेजारी आणखी एक टेबल टाका. कोणती खोली कुठे, याची मोठ्या अक्षरांतली पाटी लावा. एवढ्याने एक मिनिट सुटते. १०,००० मिनिटे म्हणजे १६६ तास, म्हणजे जवळजवळ सात दिवस. एका मिनिटाने रोज एक आठवडा परत मिळाला! दहा मिनिटे काढा. घरबसल्या तिकीट काढण्याची सोय, औषधाची दुसरी खिडकी, रक्त तपासणीचा अहवाल थेट मोबाइलवर. दहा मिनिटांचे वर्षाला होतात ५ लाख तास, म्हणजे सत्तावन्न वर्षे. अख्खी नोकरी करून माणूस निवृत्तीला येतो, तेवढे आयुष्य दहा मिनिटांत सापडले.

रांगेपेक्षाही जीवघेणी वाट रुग्णवाहिकेत पाहावी लागते. जिल्ह्याचे रुग्णालय सांगते, कोलकात्याला न्या. पण कोलकात्यात कुठे? मेडिकल कॉलेज, एनआरएस, आर. जी. कर, नॅशनल आणि पीजी, ही पाच मोठी दारे. बेड कुठे रिकामा आहे, हे कोणाला ठाऊक नाही. मग पाच दारे किती क्रमांनी ठोठावता येतील? पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन. १२० वाटा! त्यात आणखी तीन रुग्णालये मिळवा, आठ झाली. वाटा किती? ४०,३२०. दहा करा. छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे! या वाटा दर मिनिटाला एक अशा नुसत्या वाचून दाखवायच्या ठरवल्या, तर न झोपता जवळजवळ सात वर्षे लागतील. आणि मागच्या सीटवर माणूस धापा टाकतो आहे.

९ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्या दुःखातून आणि संतापातून कनिष्ठ डॉक्टर रस्त्यावर उतरले. स्वतःच्या सुरक्षिततेबरोबर त्यांनी रुग्णांसाठीही एक मागणी लावून धरली: रिकामे बेड पडद्यावर दिसू द्या आणि रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवण्याची व्यवस्था एकाच जाळ्यात आणा. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनारपूरच्या ग्रामीण रुग्णालयापासून हा प्रयोग सुरू झाला. पाठवणाऱ्याने संगणकावर माहिती द्यायची, घेणाऱ्याने बेड असल्याचे कळवायचे, मग गाडी निघायची. कल्पना एका ओळीची आहे. पण ती नीट चालली, तर छत्तीस लाख वाटांतून उरते एकच वाट!

आता शहर सोडू आणि अंतर मोजू. हावड्याहून उत्तर बंगालचे न्यू जलपाईगुडी सुमारे साडेपाचशे किलोमीटर. ३० डिसेंबर २०२२ पासून वंदे भारत धावते, तरी एकेरी साडेसात तास लागतात. जाऊन-येऊन अकराशे किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेमार्ग १९२ किलोमीटरचा. म्हणजे डॉक्टरांशी पाच मिनिटे बोलण्यासाठी जवळजवळ सहा वेळा मुंबई-पुणे!

यावर उपाय म्हणून पश्चिम बंगालने २ ऑगस्ट २०२१ रोजी 'स्वास्थ्य इंगित' ही सेवा सुरू केली. गावातल्या सुस्वास्थ्य केंद्रात जायचे, तिथली आरोग्य कर्मचारी पडद्यावर डॉक्टर जोडून देते, चिठ्ठी तिथेच मिळते. देशभराच्या 'ई-संजीवनी'चे हे बंगाली रूप. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला, तेव्हा त्यातले सुमारे १ कोटी २३ लाख एकट्या पश्चिम बंगालचे होते. आपल्या महाराष्ट्राचे होते सुमारे ४८ लाख.

१ कोटी २३ लाख! एका सल्ल्यामागे जाऊन-येऊन फक्त २० किलोमीटर वाचले असे धरू, म्हणजे शेजारच्या तालुक्याची एक खेप. बेरीज होते २४ कोटी ६० लाख किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या पावणेतेरा लाखांहून जास्त फेऱ्या! सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. बंगालची वाचलेली पायपीट सूर्यापर्यंत गेली आणि परतीचाही निम्म्याहून अधिक रस्ता कापून आली.

देशाचा आकडा घ्या. एप्रिल २०२५ पर्यंत ३६ कोटी सल्ले. या ३६ कोटी माणसांना हावड्याहून मुंबईला जाणाऱ्या गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसवा, गाडीत दीड हजार, रोज एक गाडी. शेवटची गाडी सुटायला साडेसहाशे वर्षे लागतील. आणि २० किलोमीटरच्या हिशेबाने वाचलेले अंतर? ७२० कोटी किलोमीटर! सूर्यापासून प्लूटोचे सरासरी अंतर सुमारे ५९० कोटी. आपण प्लूटो मागे टाकला! सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळणाऱ्या प्रकाशालाही हे अंतर कापायला सहा तास चाळीस मिनिटे लागतील.

आता शेवटचा आकडा. तो लहान आहे, आणि तो आपल्या घरचा आहे.

कोलकात्याजवळ हुगळीकाठी श्रीरामपूर आहे. गोपाळराव जोशी तिथे टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांची पत्नी आनंदीबाई. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले, ते दहा दिवस जगले. त्यानंतर आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहून त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले, कारण देशात स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर हवी होती. ७ एप्रिलला अठरा वर्षांची ही मुलगी कोलकात्याहून आगबोटीत बसली. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली. प्रवास झाला ५८ दिवसांचा.

देशात डॉक्टर मिळावी म्हणून एका मराठी बाईने कोलकात्याच्या धक्क्यावरून सुरू केलेले ते ५८ दिवस. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, इथे रुग्णसेवा सुरू करण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

फेब्रुवारी २०२३ ते एप्रिल २०२५ या काळात ई-संजीवनीवर महिन्याला सरासरी एक कोटी सल्ले दिले गेले. या वेगाने ५८ दिवसांत किती? सुमारे १ कोटी ९० लाख. आनंदीबाईंची बोट न्यूयॉर्कला लागेपर्यंत, १ कोटी ९० लाख माणसे डॉक्टरांशी बोलून झाली असती.

तेव्हा पुढच्या वेळी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहाल, कोलकात्यात, कल्याणला किंवा किनवटला, तेव्हा एक करा. इथले एक मिनिट कुठे वाचेल ते पाहा, आणि ते तिथल्या अधीक्षकांना लिहून द्या. एक पाटी, एक खिडकी, एक टेबल, काहीही. तुमच्या मागे दहा हजार माणसे उभी आहेत. तुमच्या एका मिनिटाने त्यांना आज एक आठवडा परत मिळेल.