फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचा गुडघा

२४ मे २०२५ रोजी लिस्बनमध्ये महिला चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लब फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना झाला. सलग दोन वर्षे चषक जिंकणाऱ्या बार्सिलोनासमोर आर्सेनलचा संघ होता. ७४व्या मिनिटाला बेथ मीडने चेंडू पुढे दिला आणि स्टिना ब्लॅकस्टेनिअसने तो जाळ्यात मारला. दोघीही काही मिनिटांपूर्वीच बदली खेळाडू म्हणून उतरल्या होत्या. सामना १-० असा संपला आणि आर्सेनलने २००७नंतर प्रथमच हा चषक उचलला.

या सामन्यातल्या तीन खेळाडूंकडे डॉक्टरांच्या नजरेने पाहू या. मीड, आर्सेनलची बचावपटू लिआ विल्यमसन आणि बार्सिलोनाची अलेक्सिया पुतेयास या तिघींच्या गुडघ्यातला एकच अस्थिबंध आधी फाटून गेला होता. पुतेयासचा जुलै २०२२ मध्ये, मीडचा नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि विल्यमसनचा एप्रिल २०२३ मध्ये. प्रत्येकीला नऊ ते अकरा महिने मैदानाबाहेर राहावे लागले. पुतेयासची युरो स्पर्धा हुकली, तर मीड आणि विल्यमसन यांचा २०२३चा विश्वचषक.

हे सारे पिंपळे गुरवपासून फार दूरचे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशिया चषकाचे उपांत्य सामने नदीपलीकडे बालेवाडीतच झाले. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत रंगला. आपल्याकडच्या टर्फवर आणि शाळांच्या मैदानांवर मुलीही चेंडूमागे धावतात. त्यांच्या गुडघ्यांची काळजी मात्र दुखापत झाल्यावरच सुरू होते.

फाटते ते काय?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके बांधून ठेवणारा एक मजबूत पट्टा असतो. खेळाडू त्याला 'एसीएल' म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचे काम. गंमत अशी की, बहुतेक वेळा तो कुणाच्या धक्क्याने फाटत नाही. धावताना एकदम दिशा बदलली किंवा उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आतल्या बाजूला वळला, की ताण सहन न होऊन तो तुटतो. हे सारे पाय जमिनीला टेकल्यावर सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात घडते. त्या क्षणी विचार करून पाय सावरता येत नाही. शरीराला आधीपासून सवय असेल, तरच ते सावरते.

म्हणूनच हा प्रश्न फक्त फुटबॉलचा नाही. कबड्डीत चढाई करताना किंवा खो-खोत खांबाला वळसा घालतानाही गुडघ्यावर असाच ताण येतो.

मुलींनाच जास्त का?

एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींचा हा अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण साधारण दोन ते तीन पट असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रुंद कटिभाग, तुलनेने लहान अस्थिबंध, उंची भराभर वाढत असताना मागे राहणारी स्नायूंची ताकद आणि संप्रेरकांचा संभाव्य परिणाम अशी कारणे सांगितली जातात. पण सगळा दोष शरीराच्या ठेवणीला देणे चुकीचे ठरेल. मुलांना लहानपणापासून उड्या मारायला, पडायला, व्यायाम करायला मोकळीक मिळते. मुलगी अनेकदा तेराव्या-चौदाव्या वर्षी थेट मैदानात उतरते. बूटही बहुतेक वेळा पुरुषांच्या पायाच्या मापावर बेतलेले असतात. ठेवण बदलता येत नाही, पण तयारी नक्कीच बदलता येते.

पंधरा मिनिटांचा विमा

याचा सर्वात ठोस पुरावा स्वीडनमधून आला. तिथल्या २३० क्लबांतल्या १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलींवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या क्लबांतल्या मुलींना आठवड्यातून दोनदा, सरावाआधी पंधरा मिनिटे ठरावीक व्यायाम दिले गेले. हंगामाअखेरीस त्या गटात 'एसीएल'च्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी आढळल्या. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नव्हते.

व्यायाम साधेच होते : एका पायावर अर्धी बैठक, दोन्ही पायांवर बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, एक पाय पुढे टाकून खाली जाणे आणि उडी मारून हलकेच उतरणे. नियम एकच, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच राहिला पाहिजे. आत झुकता कामा नये. घरी आरशासमोर एका पायावर अर्धी बैठक मारून पाहा. गुडघा आत वळत असेल, तर सराव कुठे हवा ते लगेच कळेल.

'टक्' आवाज आला तर

दुखापतीच्या क्षणी अनेकींना गुडघ्यात 'टक्' असा आवाज जाणवतो आणि काही तासांतच गुडघा सुजतो. अशा वेळी खेळ लगेच थांबवावा, पाय उंचावर ठेवावा, कापडात गुंडाळून बर्फ लावावा. मालीश करू नये, कुणाकडून गुडघा 'बसवून' घेऊ नये. त्यानंतर अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. खासगीत जाणे परवडत नसेल, तर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे.

खरा घात पुढे होतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येते आणि मुलगी पुन्हा खेळायला जाते. मग गुडघा पुन्हा निसटतो आणि आतली गादीही फाटते. प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही, पण स्नायूंची ताकद परत मिळवणारा व्यायाम प्रत्येकीला लागतो. शस्त्रक्रिया झाली असेल, तर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरण्याची घाई करू नये. त्या आधी परतलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो. स्वीडनमध्येच, दुखापतीनंतर बारा वर्षांनी तपासलेल्या महिला फुटबॉलपटूंपैकी निम्म्या जणींच्या गुडघ्यांत संधिवाताची झीज दिसली. त्यांचे सरासरी वय तेव्हा अवघे ३१ होते. आजीला होणारा त्रास नातीला तिशीत व्हावा, एवढी ही दुखापत गंभीर आहे.

हे वाचून 'मग मुलीने खेळूच नये' असा अर्थ कुणी काढू नये. न खेळल्याने हाडे, हृदय आणि मन या तिन्हींचे जे नुकसान होते, ते काही कमी नाही. मुलीला क्लबात घालताना आपण फी विचारतो, वेळ विचारतो. प्रशिक्षकांना आणखी एक प्रश्न विचारा : 'सर, सरावाआधी मुलींकडून बैठका आणि उडी मारून उतरण्याचे व्यायाम करून घेता का?' उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या सरावापासून ती पंधरा मिनिटे सुरू करायला सांगा.