शीतकपाटाचा ज्वर

जे यंत्र घरातील सर्व वस्तू थंड ठेवते, त्याचे स्वतःचे अंतरंग मात्र नित्य तापत असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आमची आष्टी जालना जिल्ह्यातील, परतूर तालुक्यातली. (बीड व वर्धा जिल्ह्यांतही एकेक आष्टी आहेच!) वैशाखात येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच शीतकपाटे बंद पडू लागतात. गतवर्षी शेजारच्या एका मोठ्या कुटुंबात असेच झाले. दूध नासले याची कोणास फारशी खंत नव्हती; परंतु आजोबांच्या इन्सुलिनच्या नव्या कुप्या आत होत्या, आणि त्या 2 ते 8 अंशांत ठेवावयाच्या असतात. कॉम्प्रेसरची मोटर जळाली होती.

ही मोटर व वायू दाबणारा दट्ट्या दोन्ही एकाच सीलबंद पोलादी डब्यात असतात. आतून परतणारा थंड वायूच मोटरीच्या वेटोळ्यांची बरीचशी उष्णता हरण करतो व ती मागील काळ्या जाळीवाटे खोलीत सोडतो. नव्या कपाटांत ही नळी बहुधा बाजूच्या पत्र्याआड असते. म्हणून त्या बाजू हातास गरम लागतात, त्यात भय नाही.

आता आपल्या घरांतील रीत पाहा. कपाट कोनाड्यात भिंतीस चिकटविलेले, शेजारी शेगडी, मागे पिशव्या कोंबलेल्या, जाळीवर गेल्या दिवाळीपासूनची धूळ! उष्णतेस वाट न मिळाली की वायूचा दाब चढतो व मोटरीचे कष्ट वाढतात. भोवती चार बोटे तरी जागा मोकळी ठेवावी. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, पण आधी प्लग काढावा. वाफाळते पातेले आत ठेवणे तर सर्वथा वर्ज्य.

परंतु आमच्या मते धुळीहून मोठा वैरी म्हणजे विजेचे उतरलेले व्होल्टेज. 230 ऐवजी 184 व्होल्ट मिळाले, म्हणजे चार पंचमांश; पण मोटरीचा सुरू होतानाचा जोर त्याच्या वर्गाने घटून 64 टक्केच उरतो. मग ती फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाने वाढते! डब्यालगतची रक्षक कळ प्रवाह तोडते, तोच तो 'कट्' आवाज. तो वारंवार येऊ लागल्यास कपाट बंदच करावे.

वीज जाऊन लगेच आली, तरी हाच प्रसंग. नळ्यांतील दाब समसमान होण्यास काही मिनिटे लागतात. त्यापूर्वी मोटरीस भरल्या दाबाविरुद्ध उठावे लागते. म्हणून बटण 5 मिनिटे बंद ठेवावे, किंवा विलंबाने वीज सोडणारा स्टॅबिलायझर बसवावा. इन्व्हर्टर जातीची नवी कपाटे व्होल्टेजचा चढउतार अधिक सोसतात. एकत्र कुटुंबात दहा हात बटणाकडे धावतात. हे काम घरातील एकाच धिम्या माणसाकडे असावे.

एवढे करूनही मोटर अखंड चालते आणि आत गारवा नाही, तर बहुधा वायू गळला असे समजावे. तेव्हा तिला थंडावा देणारेच कोणी उरत नाही. नव्या कपाटांतील आयसोब्युटेन वायू ज्वालाग्राही असतो. तेथे पकड घेऊन घरचे शहाणपण चालवू नये, जाणता कारागीरच बोलवावा.