माळशिरसचा मुक्काम

सकाळचे साडेनऊ. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये रेडिएशन विभागाबाहेरचे बाक भरलेले आहेत. आईची फाइल मांडीवर घेऊन मी तिच्या नंबराची वाट पाहते आहे. शेजारी सांगोल्याकडचे काका-मावशी. काकांना तोंडाचा कॅन्सर. जबड्याचा एक भाग काढलेला, नाकात नळी. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत.

“आज सतरावा शेक,” मावशी सांगतात. एकूण ३०, आठवड्याला पाच. “शनवार-रविवार विसावा. वारीत असतो तसा.”

काकांची आळंदीहून पायी वारी वीस वर्षांची. यंदा दिंडी त्यांच्याविना निघाली. मावशी रोज दिंडीतल्या पुतण्याला फोन लावतात आणि मुक्काम काकांच्या कानावर घालतात.

“आज माउली माळशिरसला.”

काका डोळे मिटून मान हलवतात.

नाव पुकारलं जातं. काका मनगटावरची तुळशीची माळ सोडवतात. वारकऱ्याची माळ गळ्यात असायची; पण शेकानं गळ्याची कातडी काळवंडून सोलली आहे, तिथे काही घासायला नको. माळ ते मावशींच्या ओंजळीत ठेवतात.

“म्हणतात, आत मला डॉक्टर हायत. तू भाईर एकटी,” मावशी मला सांगतात.

दार उघडतं. आत फळीवर जाळीचे पांढरे मुखवटे, प्रत्येकावर रुग्णाचं नाव. चेहऱ्यावर मुखवटा चढवून तो टेबलाला पक्का करतात. मान तसूभरही हलता कामा नये, किरण रोज ठरल्या जागीच पडायला हवेत. मावशी दारातूनच हात जोडतात. जड दार मिटतं. लाल दिवा लागतो.

मावशींच्या अंगठ्याखालून एकेक मणी सरकतो. आईचा रिपोर्ट मी सकाळपासून चौथ्यांदा वाचते आहे. गाठीशी मशीन झुंजेल, त्यावर माझा विश्वास आहे. पण मिटलेल्या दाराबाहेरची ही दहा मिनिटं कशी काढायची, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. मावशींपाशी १०८ मणी आहेत.

दिवा विझतो. काका येतात, कपाळावर जाळीचे वळ. मावशी माळ त्यांच्या मनगटाला गुंडाळतात. ते भुवया उंचावतात.

“उद्या वेळापूर.”

आईचं नाव पुकारलं जातं. तिला दारापर्यंत सोडून मी परतते. काका-मावशी अजून बाकावरच. मावशी सरकून जागा करतात.

“बस बाळा. आई येईस्तोवर थांबतो आम्ही.”