पाणी भरपूर, तरी हळदीचा कंद का पोसत नाही?

खोडवा मोडला की फेरपालट म्हणून त्याच रानात हळद धरावी, असे आम्ही नेहमी सांगतो. पण नरसी नामदेव गटात कयाधूकाठच्या भारी रानात फिरताना एक तक्रार हमखास ऐकू येते, “पाणी कमी केलं नाही, तरी पानं पिवळी आणि कंद बारीक.” मग आणखी एक पाळी दिली जाते आणि दुखणे वाढते.

याचे कारण जमिनीत आहे. काळ्या चिकण मातीचे कण अतिशय बारीक. ती पाणी पुष्कळ धरते, पण सोडते सावकाश. कणांमधल्या पोकळीत पाणीच भरून राहिले की हवेला जागा उरत नाही. मुळी गुदमरते, आणि गुदमरलेली मुळी पाणी उचलत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले पीकही तहानलेले दिसते. पुढे कंदकूज लागते.

दुसरे कारण दडपणाचे. ओल्या रानातून उसाच्या ट्रॉल्या गेल्या, दरवर्षी एकाच खोलीवर नांगर चालला, की खाली कठीण थर बसतो. हळदीचा कंद वरच्या वीतभर मातीतच पोसतो. ती माती घट्ट असेल तर त्याला फुगायला वाव मिळत नाही, आणि वरचे पाणी त्या थरावर तुंबते. माळाच्या मुरमाड रानात उलट होते. तिथे पाणी झिरपून जाते, म्हणून थोडे थोडे पण लवकर द्यावे लागते.

तेव्हा एवढे करावे:

१. लागणीआधी दोन फुटांचा खड्डा घेऊन कठीण थर आहे का ते पाहावे. असल्यास रान कोरडे असतानाच सबसॉयलर चालवावा.

२. पाचट जाळू नये, कुजवावे. जमल्यास ताग गाडावा.

३. भारी रानात गादीवाफ्यावरच लागण करावी आणि पावसाळ्यात चर मोकळे ठेवावेत.

४. वीतभर खोलीची माती मुठीत दाबावी. चिकट गोळा होत असेल तर पाणी देऊ नये, वाफशाची वाट पाहावी.

एकरभर रानात दोन इंच पाणी म्हणजे सुमारे 2 लाख लिटर. नको असलेली एक पाळी वाचली, तर उन्हाळ्यात कयाधू आटल्यावर तेच पाणी उभ्या उसाला कामी येईल. माती परीक्षणाचे नमुने लागणीपूर्वी गट कार्यालयात जरूर आणून द्यावेत.

— ऊस विकास अधिकारी